मॅचच्या दिवशीची पंगत

स्मरणिकेसाठी जुने फोटो गोळा करायचं काम माझ्याकडे आलं. घराघरांतून अल्बम आले, मोबाइलमधले फोटो आले. त्यात एक फोटो २ एप्रिल २०११ च्या रात्रीचा आहे. आपली गच्ची, भिंतीला लावलेला पांढरा पडदा, आणि दोन्ही हात वर करून ओरडणारी माणसं. मी सहज मोजली, त्रेचाळीस डोकी दिसतात. मुलं आहेत, आजोबा आहेत, वॉचमनही आहे. बाई मात्र एकच, नुकतंच ऑपरेशन झाल्यामुळे खुर्चीत बसवलेल्या बी विंगच्या आजी. बाकी आम्ही सगळ्या कुठे होतो?

तळमजल्यावर शिरा ढवळत होतो.

त्या फोटोमुळे हा लेख सुचला. इमारतीचा इतिहास, पाण्याच्या टाकीचा इतिहास, लिफ्टचा इतिहास या स्मरणिकेत इतरांनी लिहिला आहेच. मी आपल्या मॅचच्या दिवसांचा आणि त्या दिवशीच्या जेवणाचा लिहिते. विषय हलका वाटेल, पण कोण कुणासाठी रांधतं आणि कोण कुणाच्या शेजारी बसून जेवतं, हा प्रश्न आपल्याकडे कधीच हलका नव्हता.

जेवायला थांबणारा खेळ

फुटबॉल, हॉकी, कबड्डी, कुठलाही खेळ घ्या, मध्यंतरात खेळाडू पाणी पितात, फार तर संत्र्याची फोड चोखतात. क्रिकेट मात्र रीतसर जेवायला थांबतं. कसोटीत चाळीस मिनिटं लंचची आणि वीस मिनिटं चहाची. साहेबाचा खेळ, साहेबाच्याच वेळा. आपण तो खेळ घेतला तेव्हा जेवणाची सुट्टीही घेतली, आणि लगेच आपल्याकडचा प्रश्न उभा राहिला. या सुट्टीत कोण कुणाबरोबर जेवणार?

पालवणकर बाळू हे नाव नव्या पिढीला माहीत नसेल. चर्मकार समाजात जन्मलेला हा डावखुरा फिरकी गोलंदाज. पुण्यात साहेबांच्या क्लबात खेळपट्टीची निगा राखायची आणि सरावाला साहेबांना चेंडू टाकायचे, ही नोकरी. त्यातून हात असा तयार झाला की पुण्याच्या हिंदू क्लबाला सामने जिंकण्यासाठी त्यांना संघात घ्यावंच लागलं. मैदानावर सगळे एकाच चेंडूला हात लावत होते. पण चहाची सुट्टी झाली की बाकीचे आत बसून कपबशीतून चहा घ्यायचे आणि बाळूंना तो पॅव्हेलियनबाहेर मातीच्या भांड्यातून मिळायचा. जेवणाचं पानही वेगळं.

पुढे ते मुंबईला आले, हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदूंच्या संघाने युरोपियनांना हरवलं, त्यात बाळूंचा आणि त्यांचे भाऊ शिवराम यांचा वाटा होता. तोवर मुंबईच्या जिमखान्यात त्यांना सोबत जेवायला घेऊ लागले होते आणि त्या काळच्या वर्तमानपत्रांनी विजयाइतकंच त्याही गोष्टीचं कौतुक केलं. १९११ मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली संघ इंग्लंडला गेला, तेव्हा बाळूंनी त्या दौऱ्यात ११४ बळी घेतले. कप्तानपद मात्र त्यांना कधी मिळालं नाही. ते मिळालं त्यांच्या धाकट्या भावाला, विठ्ठल यांना, १९२३ मध्ये.

ही गोष्ट मी पुन्हा काढणार आहे, म्हणून इथे जरा विस्ताराने सांगितली. मॅच आणि पंगत यांचं नातं शंभर-सव्वाशे वर्षांचं आहे.

चाळीतली रात्र

आपल्यापैकी निम्मीअधिक घरं मुंबईतल्या चाळींमधून इथे नवी मुंबईत आली. माझं माहेर परळचं. लहानपणी मॅच म्हणजे रेडिओ. मराठीतून समालोचन करणारे बाळ ज. पंडित आमच्या घरात पाहुण्यासारखे होते. रेडिओचा एक मोठा फायदा होता, तो बायकांनाही मिळायचा. आई भाकऱ्या थापता थापता ऐकायची आणि बाबांच्या आधी स्कोअर सांगायची. मुंबईत दूरदर्शन १९७२ मध्ये आलं, मग हळूहळू चाळीत एखादा टीव्ही आला, आणि मॅच ऐकायची गोष्ट न राहता बघायची झाली. तेव्हापासून स्वयंपाकघर मागे पडलं. टीव्ही बाहेरच्या खोलीत आणि ओटा आतल्या.

२५ जून १९८३, शनिवार. आमच्या मजल्यावर एकच टीव्ही होता, त्यासमोर तीस-पस्तीस माणसं, दारात चपलांचा ढीग. शनिवार म्हणून घरोघरी पिठलं-भात. आपला संघ १८३ वर संपला. पुरुषमंडळी उठली. "संपलं, चला, पानं वाढा." सगळ्या मजल्याने निमूटपणे जेवून घेतलं. मग रिचर्ड्सचा झेल कपिलने मागे पळत जाऊन घेतला आणि सगळे पुन्हा धावत टीव्हीपाशी. वेस्ट इंडीज १४० वर बाद झाले, आपण ४३ धावांनी जिंकलो, तेव्हा मध्यरात्र झाली होती. फटाके कुठून आले कुणास ठाऊक. आणि चाळीतल्या चार बायकांनी त्या वेळी स्टोव्ह पेटवून शिरा केला. कुणाचा रवा, कुणाची साखर, कुणाचं रेशनचं तूप. मी तेव्हा शाळेत होते. कप भारतात आला याचा अर्थ मला त्या रात्री कळला तो गरम शिऱ्याच्या चवीतून.

घड्याळ आणि पातेलं

आपली सोसायटी २००० साली नोंदली गेली. पहिली एक-दोन वर्षं कोणी कोणाला ओळखत नव्हतं. ओळख झाली ती पाणी न आल्यामुळे आणि मॅचमुळे.

पंचवीस वर्षांचा अनुभव असा की मॅचच्या दिवशी काय शिजणार हे जीभ ठरवत नाही, घड्याळ ठरवतं. ऑस्ट्रेलियातली कसोटी पहाटे सुरू होते. त्यामुळे डिसेंबर २००३ मध्ये ॲडलेडला द्रविडने २३३ केल्या, त्या दिवसांत आपल्याकडे सकाळी सहाला पोह्यांची फोडणी पडत होती. सामना घरचा असेल तर साडेनऊला सुरू, साडेअकराला लंच. म्हणजे साडेअकराला वरण-भात तयार पाहिजे, एरवी एकला जेवणाऱ्या घरातसुद्धा. इंग्लंडमधली मॅच दुपारी सुरू होऊन रात्री संपते, तिला मिसळ चांगली. मटकीची उसळ आधीच करून ठेवायची, कट वेगळा ठेवायचा, ज्याला जेव्हा भूक लागेल तेव्हा त्याने गरम करून घ्यायचं. वेस्ट इंडीजमधली मॅच रात्रभर चालते, तिला मुगाच्या डाळीची खिचडी, कढी आणि पापड. रात्री अकराला पोटात जड नको आणि विकेट गेल्यावर घास उतरायलाही सोपा पाहिजे.

एकत्र बसायची सुरुवात झाली २३ मार्च २००३ च्या रविवारी. जोहान्सबर्गला अंतिम सामना, आपल्याकडे दुपारी दीडला सुरू. सी विंगच्या एका घरातला मोठा टीव्ही उचलून खाली हॉलमध्ये आणला. मसालेभात, बटाट्याची भाजी, पुऱ्या, आणि जिंकल्यावर खायला म्हणून आदल्या रात्रीपासून चक्का टांगून केलेलं चार किलो श्रीखंड. ऑस्ट्रेलियाने ३५९ केल्या. सचिन पहिल्याच षटकात गेला. सेहवागने ८२ करून थोडी आशा दाखवली, पण आपण १२५ धावांनी हरलो. पुऱ्या कशाबशा संपल्या. श्रीखंडाच्या पातेल्याचं झाकणही कुणी उघडलं नाही. दुसऱ्या दिवशी ते घराघरांत वाटून टाकलं. मुलांनी आनंदाने खाल्लं, मोठ्यांच्या घशाखाली उतरलं नाही.

त्या दिवशी आपल्या सोसायटीत एक अलिखित नियम झाला. विजयाचं गोड आधी करायचं नाही. केलं तर नजर लागते. जिंकणार असं नक्की दिसायला लागलं की मगच कढई चढवायची.

नियम सगळ्यांना पटला. त्याचा दुसरा अर्थ कुणाच्या लक्षात आला नाही. जिंकणार असं दिसायला लागतं ते शेवटच्या पाच-सहा ओव्हर्समध्ये. म्हणजे सामन्याचा सगळ्यात चांगला भाग सुरू होतो तेव्हा बायकांनी उठून कढई चढवायची.

२४ सप्टेंबर २००७ ला तेच झालं. उद्या अनंत चतुर्दशी, मंडपात बाप्पा, आणि जोहान्सबर्गलाच पाकिस्तानशी वीस षटकांचा अंतिम सामना. आरतीची वेळ पुढे ढकलली. "बाप्पालाही बघू दे" असं म्हणून टीव्ही मूर्तीच्या समोर ठेवला. शेवटच्या षटकात श्रीशांतने मिस्बाहचा झेल घेतला आणि आपण पाच धावांनी जिंकलो. आम्ही तेव्हा प्रसादाच्या शिऱ्यात केळी कुस्करत होतो. ओरडा ऐकून धावत बाहेर आलो, तर पडद्यावर जाहिरात लागली होती.

बुधवार आणि शनिवार

आता २०११. यातला काही भाग लिहू का नको, असा विचार केला. पण पंचवीस वर्षांचा हिशेब लिहायचा तर फक्त जमेची बाजू लिहून चालणार नाही.

३० मार्चला मोहालीत भारत-पाकिस्तान उपान्त्य सामना होता. वार बुधवार. आपल्याकडच्या बऱ्याच घरांत बुधवार, शुक्रवार, रविवार हे मटण-मासळीचे वार. गच्चीवर मटणाचा रस्सा आणि वडे करायचं ठरलं आणि वाद पेटला. काही घरांचं म्हणणं, सोसायटीच्या गच्चीवर मांसाहार नको. काहींचं म्हणणं, वर्गणी सगळ्यांची तर पसंती एकाच बाजूची का? तोडगा निघाला तो असा की गच्चीच्या मधोमध कापडी पडदा लावावा. एका बाजूला शाकाहारी, दुसऱ्या बाजूला मांसाहारी, दोन्हीकडे एकेक टीव्ही.

कमिटीच्या बैठकीत हे जवळजवळ मंजूर झालं होतं. तेव्हा डी विंगचे आजोबा उठले. आज ते नाहीत. त्यांनी वर सांगितलेली बाळूंची गोष्ट सांगितली, मातीच्या भांड्यातल्या चहाची. शेवटी एवढंच म्हणाले, "पातेली दोन ठेवा, चार ठेवा. डाव वेगळे ठेवा. पण पंगत दोन केल्यात तर मी माझ्या घरीच मॅच बघीन."

सगळे एकदम शांत झाले. मग अर्थातच पुन्हा बोलू लागले. मटण नको म्हणणारे काही जातपात मानणारे होते असं मी म्हणणार नाही. कुणाचं व्रत होतं, कुणाला वासच सहन होत नाही, आणि ताटात काय असावं हे ज्याचं त्याने ठरवावं. दोन्ही गोष्टी एका मापाने मोजता येत नाहीत. पण ताट वेगळं असणं आणि माणूस वेगळा बसवणं यातला फरक त्या दिवशी बऱ्याच जणांना कळला. पडदा रद्द झाला. रस्सा खाली शिजवून बंद डब्यातून वर आणला, शाकाहारी जेवण गच्चीवर वाढलं, सतरंज्या सलग. दोन घरं आली नाहीत. सचिनने ८५ केल्या, आपण २९ धावांनी जिंकलो, आणि पिठलं खाणाऱ्याने मटण खाणाऱ्याला मिठी मारली हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

तीन दिवसांनी अंतिम सामना, मुंबईतच, वानखेडेवर. तो शनिवार होता, मारुतीचा वार, त्यामुळे वादच नव्हता. मसालेभात, मठ्ठा, काकडीची कोशिंबीर. न आलेल्या दोन घरांपैकी एक घर त्या दिवशी आलं, सोबत ताकाची कळशी घेऊन. कुणी काही विचारलं नाही. श्रीलंकेच्या २७४. सेहवाग, सचिन लवकर गेले. गंभीर ९७ वर बाद झाला. धोनी राहिला. पाच-सहा ओव्हर्स उरल्या तेव्हा जिन्यातून हाक आली, "वहिनी, शिरा टाका!"

आम्ही सहाजणी उठलो, खाली गेलो आणि रवा भाजायला घेतला.

धोनीचा तो षटकार मी ऐकला. आधी वरून एकदम शांतता, मग डक्टमधून असा आवाज आला की ओट्यावरचे डबे थरथरले. आम्ही एकमेकींच्या गळ्यात पडलो, रवा थोडा लागला. षटकार पाहिला तो दुसऱ्या दिवशी, बातम्यांत. अठ्ठावीस वर्षांनी आलेला कप, आणि जे क्षण सगळा देश आयुष्यभर सांगणार ते आमच्याकडे नाहीत. कुणी मुद्दाम केलं नव्हतं. कुणी थांबवलंही नव्हतं. म्हणूनच ते इतकी वर्षं तसंच चालू राहिलं.

मधली वर्षं

मधल्या वर्षांविषयी फार लिहीत नाही. घरोघरी मोठे टीव्ही आले, मोबाइलवर मॅच आली, बाहेरून मागवायची सोय झाली. कोरोनात गच्चीला कुलूप होतं. जानेवारी २०२१ मध्ये ब्रिस्बेनला पंतने नाबाद ८९ करून सामना जिंकून दिला, तेव्हा आम्ही आपापल्या गॅलरीत उभं राहून ताटल्या वाजवल्या. पोहे प्रत्येक घरात झाले होते, पण ते खाताना शेजारी कोणी नव्हतं. एकत्र जेवण्यात काय होतं, हे तेव्हा कळलं. १९ नोव्हेंबर २०२३ ला अहमदाबादला हरलो तेव्हा पुन्हा गच्चीवर होतो. कढई चढलीच नाही, नियम पाळला गेला.

२ नोव्हेंबर २०२५

या वर्षी महिलांच्या विश्वचषकाचा अंतिम सामना आपल्या नवी मुंबईत, नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर झाला. वारा आपल्या दिशेचा असला की तिथला आवाज गच्चीवर येतो, हे सगळ्यांना माहीत आहे. तीनच दिवस आधी याच मैदानावर जेमिमा रॉड्रिग्जने नाबाद १२७ धावा करून ऑस्ट्रेलियाचे ३३९ चे आव्हान पार करून दिलं होतं. त्या रात्री मुलींनी व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज टाकला, "रविवारी आई, काकू, आजी कोणीही स्वयंपाक करणार नाही. बाबा लोकांनी बघून घ्यावं."

बाबा लोकांनी बघून घेतलं. अडचण अशी की त्या दिवशी कार्तिकी एकादशी. अर्ध्या सोसायटीचा उपवास. त्यामुळे उपवासवाल्यांना साबुदाण्याची खिचडी आणि बाकीच्यांना पावभाजी. पावभाजी उत्तम झाली, ती पुरुषांना जमते, लोणी सढळ हाताने घालतात. साबुदाणा मात्र त्यांनी भरपूर पाण्यात भिजवून ठेवला होता. पहिल्या घाण्याचा गोळा झाला, तो थालीपीठ म्हणून वाढला. दुसरा घाणा फोनवर सूचना घेत घेत बरा झाला. मॅच पावसामुळे दोन तास उशिरा, पाचला सुरू झाली, ते बरंच झालं.

शफालीच्या ८७, आपल्या सांगलीच्या स्मृतीच्या ४५, दीप्तीच्या ५८. एकूण २९८. आम्ही सगळ्या सतरंजीवर पुढच्या रांगेत, पाय पसरून. मी पंचवीस वर्षांत पहिल्यांदा पूर्ण मॅच एका जागी बसून पाहिली. दक्षिण आफ्रिकेची वोल्वार्ट शतक करून गेली आणि दीप्ती एकेक गडी घेत गेली. आता जिंकणार असं दिसू लागलं. आणि नियमाप्रमाणे जिन्यातून हाक गेली, या वेळी वरून खाली, आमच्या मुलींची. "बाबा, शिरा टाका!" राजगिऱ्याच्या पिठाचा, उपवासालाही चालेल असा.

मध्यरात्रीच्या सुमारास शेवटचा झेल हरमनप्रीतने मागे पळत जाऊन घेतला. पण गंमत ऐका. टीव्हीवरचं चित्र काही सेकंद उशिरा येतं. स्टेडियमचा आवाज आधी आला. खाली कढईपाशी उभ्या असलेल्यांना आमच्याआधी कळलं की आपण जिंकलो. त्यांनी ऐकलं, आणि आम्ही पाहिलं.

शिऱ्याचं पातेलं घेऊन वर आलेल्या ए विंगच्या भाऊंना मी विचारलं, कसं वाटलं? कपाळाचा घाम पुसत म्हणाले, "वहिनी, आवाजावरून जिंकलो हे कळतं हो. पण झेल कुणी घेतला ते कळत नाही." मग थोडं थांबून म्हणाले, "तुम्ही इतकी वर्षं असंच…?" मी म्हटलं, शिरा वाढा आधी, गार होतोय.

नंतर कमिटीने एक साधा ठराव केला आहे. मॅचच्या दिवशीच्या स्वयंपाकाची पाळी विंगप्रमाणे लागेल, घरातल्या सगळ्यांची, आणि तळमजल्याच्या स्वयंपाकाच्या खोलीत एक छोटा टीव्ही बसेल. टीव्हीसाठी वर्गणी जमा होत आहे, ज्यांची बाकी आहे त्यांनी खजिनदारांना भेटावं.

पुढच्या पंचवीस वर्षांत कोण खेळेल, कुठे खेळेल, ते मला माहीत नाही. कढईपाशी जो उभा असेल त्याच्यासाठी आमची मापं लिहून ठेवते, सगळी साठ माणसांची.

मसालेभात: वाडा कोलम तांदूळ ५ किलो, तोंडली २ किलो, मटार १ किलो, गोडा मसाला चवीप्रमाणे, वरून ओलं खोबरं, कोथिंबीर आणि तूप. तांदूळ मसाल्यात परतल्यावर आधणाचंच पाणी घालावं, गार नको.

साबुदाण्याची खिचडी: साबुदाणा साडेतीन किलो, दाण्याचं कूट पावणेदोन किलो, बटाटे दोन किलो. साबुदाणा धुवून त्यावर जेमतेम बुडेल एवढंच पाणी ठेवावं. हे वाक्य बाबा लोकांनी दोनदा वाचावं.

विजयाचा शिरा: रवा दीड किलो, साखर सव्वा किलो, तूप एक किलो, वेलची. रवा आधी भाजून ठेवायला हरकत नाही, त्याने नजर लागत नाही, हे मी सगळ्या ज्येष्ठांना विचारून लिहिते आहे. बाकीचं मात्र शेवटच्या ओव्हर्समध्ये. आणि कढईपाशी कोणी एकटं नको.